सोवळे कोणापासून?

बायबलमध्ये चूक नाही, याविषयी मूलतत्त्ववादी आणि परंपरानिष्ठ इव्हँजेलिकल ख्रिस्ती यांच्यात मतभेद नाही. भांडण आहे ते कोणाच्या पंक्तीला बसावे याचे. १९५७ साली न्यूयॉर्कच्या सभांसाठी बिली ग्रॅहॅम यांनी उदारमतवादी चर्चचेही साहाय्य घेतले. तेव्हा बॉब जोन्स यांच्यासारख्या मूलतत्त्ववाद्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले. याउलट, यवतमाळला अनेक मिशनांनी मिळून चालविलेली आणि १९८३ साली पुण्यास आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी श्रद्धा न सोडता सहकार्य साधते. १९५० च्या राष्ट्रपती-आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या आरक्षणाबाहेर आहेत. त्यांना वगळताना कोणी पंथ विचारला नाही. मग त्यांच्या हक्कासाठी एकत्र येताना हे सोवळे कशाला?