आपलीच मुलगी, समोरचा संघ

राष्ट्रीय बास्केटबॉलच्या महिला गटात छत्तीसगड आणि रेल्वे समोरासमोर आले की भिलाईकरांची पंचाईत होते. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? रेल्वेच्या जर्सीतही अनेकदा इथल्याच, पंत स्टेडियमवर घाम गाळून मोठ्या झालेल्या मुली असतात. कित्येकींना राजेश पटेल सरांनी घडवले. २०१८ मध्ये सर गेले. कानपूरहून आलेली, जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदीही त्यांच्याच हाताखाली तयार झाली.

‘राज्य सोडून गेली’ ही कुरकुर मला पटत नाही. आपल्याकडे व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे अजून तरी नोकरीच. पगार देईल तो संघ. सर्व्हिसेसचा जवान स्वतःच्या राज्याविरुद्ध उतरतो तेव्हा त्याला कोणी फितूर म्हणत नाही. मग हिलाच का? मुली इथे राहाव्यात असे वाटत असेल तर नोकऱ्या इथे द्या.

पुढच्या लढतीत पारडे रेल्वेचे जड, हे मात्र मान्य करू. दहा-दहा मिनिटांची चार क्वार्टर. एक दमली तर तितकीच तयार दुसरी त्यांच्या बाकावर असते. छत्तीसगडने रिंगखाली उंचीशी झुंजत बसू नये. रिबाउंड हातात आला की पळावे, २४ सेकंद संपवू नयेत. मुख्य खेळाडूंनी फाउल जपावेत. पाचव्याला बाहेर, आणि आपला बाक तोकडा. पहिल्या क्वार्टरमध्ये फार मागे पडलो नाही, तर सामना शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत ताणता येईल.

मी छत्तीसगडच्याच बाजूने ओरडणार. रेल्वेकडून आपल्या एखादीने बास्केट केली तर हात बांधून बसणे मात्र कठीण आहे.