मोहल्ल्यातला पेपर कुणाचा?

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाचा एक तोटा असतो. तालुक्याच्या गावातले दोन्ही बाजूंचे पेपर त्याला वाचता येतात. मागच्या निवडणुकीत एकाच उमेदवाराची पानभर ‘बातमी’ मी एकाच आठवड्यात उर्दू आणि मराठी साप्ताहिकात वाचली. उर्दूत हे गृहस्थ मिल्लतचे खादिम होते. कब्रस्तानची भिंत, ईदगाहचा रस्ता, मदरशाला दिलेली पाण्याची टाकी, सगळं सविस्तर. मराठीत तेच गृहस्थ गणेश मंडळांचे आधारस्तंभ. कब्रस्तानच्या भिंतीचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. फोटो मात्र दोन्हीकडे एकच. आणि ‘जाहिरात’ हा शब्द दोन्हीकडे नाही.

यातलं काहीही खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. भिंत बांधली होती, मंडळांना वर्गणीही दिली होती. पण अर्ध्या गावाने एका माणसाला मत दिलं आणि उरलेल्या अर्ध्याने दुसऱ्याच माणसाला. दोन्ही संपादकांना हे ठाऊक होतं, कारण मजकूर आणि पाकीट एकाच कार्यालयातून आलं होतं, असं गावात उघड बोललं जातं.

हा रोग आपल्या मोहल्ल्यात जन्मलेला नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या बड्या मराठी दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापून आला होता. पी. साईनाथ यांनी तो उघडा पाडला. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, पण तो संपूर्ण लोकांसमोर यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा खर्च दडवला म्हणून निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. आता जिल्हा पातळीवर माध्यमांवर नजर ठेवणारी समिती असते. आमच्या गावच्या चार पानी साप्ताहिकाकडे तिचं लक्ष किती जातं, हा भाग वेगळा.

मोठ्यांची चोरी पकडली जाते, निदान गाजते तरी. छोट्यांची पोटाची असते, म्हणून तिच्याबद्दल बोलायला संकोच वाटतो. साप्ताहिक चालवणारा माणूस स्वतःच मालक, संपादक आणि जाहिरात गोळा करणारा. वार्ताहराला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. ज्याच्या दारात बातमी मागायला जायचं, त्याच्याच दारात ईदच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. अशा पोरांमध्ये माझे काही माजी विद्यार्थी आहेत. त्यांना नीतिमत्तेवर व्याख्यान देण्याची माझी छाती नाही. पेपर चहाच्या टपरीवर फुकट वाचायचा आणि वर्षाची वर्गणी मागायला आला की ‘अगले महीने’, हे आपण सगळेच करतो.

तरीही एक गोष्ट गिळता येत नाही. आमच्याकडच्या एका साप्ताहिकात बरीच वर्षं प्लॉटच्या जाहिराती येत होत्या. ‘एनए’, ‘मस्जिद से करीब’, ‘आसान किस्तें’. लोकांनी हजसाठी साठवलेले, मुलीच्या लग्नाचे, सौदीहून पाठवलेले पैसे त्यात घातले. जमीन एनए नव्हतीच, गुंठेवारीचे तुकडे होते. सातबाऱ्यावर नाव लागेना. लोक तहसीलमध्ये खेटे घालत होते, मोहल्ल्यात दुसरा विषय नव्हता, आणि पेपरात त्यावर एक ओळ नाही. जाहिरात मात्र चालूच. कुणीतरी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘कौम की बदनामी होगी.’

हे उत्तर मला सर्वात जास्त टोचतं. मोठ्या पेपरांत मुसलमान येतो तो बॉम्ब, दंगल किंवा तलाक घेऊन, ही तक्रार रास्तच आहे. म्हणूनच तर आपला पेपर हवा. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला तो याच गरजेपोटी. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. पण ज्या बाबासाहेबांनी तो काढला, त्यांनीच १९४३ साली पुण्यात, रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात, इथल्या पत्रकारितेचा व्यापार झाला आहे आणि साबण बनवण्याच्या धंद्यापेक्षा तिच्यात जास्त नैतिकता उरलेली नाही, अशा अर्थाचं सुनावलं होतं. आपल्या माणसांचा आवाज म्हणून पेपर काढायचा आणि आपल्याच माणसांची फसवणूक झाकायला कौमची इज्जत पुढे करायची, याला काय म्हणायचं? प्लॉटवाल्याची बदनामी म्हणजे कौमची बदनामी, हे समीकरण कुणी ठरवलं?

याचा परिणाम मला वर्गातही दिसतो. दहावीच्या मराठीत बातमीलेखनाचा प्रश्न असतो. शाळेतल्या वृक्षारोपणाची बातमी लिहायला सांगितली, तर मुलं पाहुण्यांना ‘कार्यसम्राट’ लिहितात. उर्दू माध्यमातली पोरं ‘हरदिल अजीज’ लिहितात. झाडं किती लावली, कुठली लावली, हे कुणी लिहीत नाही. एका मुलीला मी विचारलं, झाडांचा आकडा कुठे आहे? ती म्हणाली, ‘सर, पेपरमें ऐसाइच आता है.’ तिला गुण कापताना हात जड झाला, पण कापले.

संपादकांकडे माझं मागणं फार मोठं नाही. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहा. गरिबी त्याच्या आड येत नाही, त्याला शाईसुद्धा जास्त लागत नाही. काही गिऱ्हाइकं जातील, मान्य. पण मग वाचकालाही वर्गणी द्यावी लागेल, आणि ‘अगले महीने’ म्हणणं बंद करावं लागेल.

वाचकाच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६च्या नियमांनी पेपरांना दर वर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात एक निवेदन छापायला लावलं. फॉर्म चार. त्यात मालकाचं नाव असतं, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागीदारही असतात. बारीक टायपात, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छापतात, म्हणून कुणी वाचत नाही. मी त्या साप्ताहिकाचे मार्चमधले जुने अंक वाचनालयातून काढले आणि ते निवेदन प्लॉटच्या जाहिरातीशेजारी ठेवून पाहिलं. दोन नावं दोन्हीकडे होती.