सायकलीचे नवे क्रँक

आमचा नातू रोज पहाटे वसईहून निघून निर्मळ, आगाशी या वाटेनें अर्नाळ्यापर्यंत सायकल पिटाळतो. पहिल्या पगारांतून सायकलीस परस्परांपासून सुटे असलेले क्रँक बसवावे, असा त्याचा मनोदय. तेवढ्या पैशांत धाकट्या बहिणीचीं वर्षाचीं पुस्तकें येतील, अशी त्याच्या आईची तक्रार. निवाड्यासाठीं प्रकरण आमच्यापुढें आलें.

साध्या सायकलीचे दोन्ही क्रँक एकाच आंसाला परस्परविरुद्ध दिशांनीं जखडलेले असतात. एक पाय खालीं रेटला कीं दुसरा आयताच वर येतो. सुट्या क्रँकांत ही सोय नाहीं. जो पाय खालीं गेला त्यानेंच स्वतःस वर उचलावें लागतें. मांडीचे आळशी स्नायू त्यामुळें जागे होतात, आणि सरावलेला स्वारही प्रथम प्रथम लवकर थकतो.

परंतु थकवा म्हणजे लाभ नव्हे. अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सहा आठवड्यांच्या सरावानंतर तेवढ्याच कामास ऊर्जा कमी लागूं लागली. पुढील कित्येक प्रयोगांत मात्र तसा लाभ आढळला नाहीं. २००७ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत पायडल मुद्दाम वर ओढणाऱ्या स्वारांचा जोर अधिक योग्य दिशेनें लागला खरा, पण प्राणवायूही अधिक खर्च झाला!

नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र व महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं जोडीनें, आणि २०१७ सालीं श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनीं एकेकट्यानें, अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली. एकट्यानें बारा दिवसांच्या आंत एवढें अंतर तोडण्याचें बळ दुकानांत मिळत नाहीं. तें वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें अंगीं मुरतें. नवी लेखणी आणल्यानें अक्षर सुधारल्याचें शाळेंत आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. गिरवून सुधारल्याचें पुष्कळदां पाहिलें.

म्हणून आम्हीं नातवास सांगितलें, "बाळ, पैसे तुझे, निर्णयही तुझाच. मात्र आधीं सहा आठवडे नेमानें सराव कर आणि अर्नाळ्याची वेळ रोज लिहून ठेव. वेळ सुधारली, तर क्रँकांची घाई नाहीं. न सुधारली, तर मित्राचे चार दिवस मागून आण व मग ठरव."

तो कांहींच बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे मात्र बहिणीची एक कोरी वही घेऊन बाहेर पडला.