सिस्टर, तुम्हाला केसपेपर वाचता येतो. वकिलांना तुमची गरज आहे

उपचारात हलगर्जी झाली म्हणून जळगाव-धुळ्यात दवाखान्यासमोर गर्दी जमते, काचा फुटतात, आठवड्याभरात सगळं थंड होतं. खटला उभा राहिलाच तर तो केसपेपरवर चालतो. आणि तो केसपेपर नातेवाईकांना कळत नाही, वकिलालाही फारसा कळत नाही.

कळतो तो वॉर्डात पंधरा वर्षं काढलेल्या सिस्टरला. इंजेक्शन कधी लिहिलं, कधी दिलं, शेवटचं बीपी कधी घेतलं, डॉक्टरांना फोन कधी केला, कुठली नोंद मागाहून घुसडल्यासारखी दिसते, हे ती अर्ध्या तासात सांगेल. अमेरिकेत हे काम करणाऱ्यांना 'लीगल नर्स कन्सल्टंट' म्हणतात. त्यांची संघटना १९८९ पासून आहे.

आपल्याकडे असं पद नाही. गरज मात्र आहे. जून २०२० आठवा. जळगाव सिव्हिलमधून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या कोविडग्रस्त आजी आठवड्याभराने तिथल्याच शौचालयात मृत सापडल्या. डीन निलंबित झाले. पण प्रत्येक पाळीत पेशंट मोजले का, हँडओव्हरमध्ये काय लिहिलं, हे प्रश्न नर्सिंगचे आहेत. ते विचारायला नर्सच लागते.

आता नर्सेसची स्वतःची बाजू बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगर सिव्हिलच्या आयसीयूला आग लागली, ११ रुग्ण गेले. अटक झाली एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिकांना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचं कलम १०६ तर वाचाच. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं, इतरांना पाच. त्या 'डॉक्टर'च्या व्याख्येत नर्स बसत नाही. म्हणजे एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये दोन शिक्षा! यावर बोलणारी, कायदा कळणारी नर्स किती जिल्ह्यांत आहे?

रस्ता सोपा नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं, जळगाव-धुळ्यात लॉ कॉलेजं आहेत. जीएनएमवाल्यांना आधी पदवी लागेल. सरकारी नोकरीत राहून बाहेरचं असं काम परवानगीशिवाय करता येणार नाही. स्वतःच्या दवाखान्याची फाईल तर कधीच घ्यायची नाही. आणि उपचार चुकले का, याचं मत कोर्ट डॉक्टरकडूनच मागणार. पण फाईलची तारीख-वेळेनुसार मांडणी करायला वकिलीची सनद लागत नाही. निवृत्त सिस्टर हे उद्यापासून करू शकतात.

काही डॉक्टर म्हणतील, आमच्याविरुद्ध माणसं तयार करताय. उलट आहे भाऊ. फाईल नीट वाचली तर अर्ध्या तक्रारी वकिलाच्या टेबलावरच मिटतील आणि खऱ्या तेवढ्या कोर्टात जातील. त्यात चांगल्या डॉक्टरचंही भलं आहे.

वकील संघांनी आणि नर्सिंग कॉलेजांनी एकदा एकत्र बसावं. आणि वकील मित्रांनो, सिस्टरने फाईल वाचून दिली तर तिला फी द्या. 'ताई, जरा बघून सांगा' एवढ्यावर काम उरकू नका.