एक अख्खा वग उभा करा

प्रति,
मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ;
मा. विभागप्रमुख, ललित कला केंद्र;
आणि जुन्नर-आंबेगावातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य व संस्थाचालक यांस,

विनंती एकच आहे, ती आधीच सांगतो. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांचा संच बांधावा आणि शाहीर पठ्ठे बापूरावांचा ‘मिठाराणी’ किंवा त्याच तोलाचा एखादा जुना वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, गणापासून मुजऱ्यापर्यंत, काटछाट न करता उभा करावा. पहिला प्रयोग नारायणगावात व्हावा.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापूंचा फड इथला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या तमाशा कलावंत विठाबाई इथल्या. चंदनापुरी घाट उतरलं की हिवरगाव पावसा लागतं, ते बापूरावांच्या फडातल्या पवळाचं गाव. एवढं असून आज या पट्ट्यातल्या कॉलेजच्या मुलाला अख्खा वग बघायचा म्हटला तर सहजासहजी बघायला मिळत नाही.

याचं कारण तमाशाच्या रचनेतच आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि निरोपाच्या मुजऱ्याआधी, सगळ्यात शेवटी वग, असा हा क्रम. पूर्वी रात्र मोकळी होती. वग सुरू व्हायचा तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची आणि तो संपेपर्यंत फटफटायचं. आता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, वाढीव परवानगी मिळाली तरी मोजक्या दिवसांची. त्यात पुढ्यातला प्रेक्षक सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करतो. वेळ कमी पडला की कात्री लागते ती शेवटच्या भागाला, म्हणजे वगाला. फडमालकांना मी दोष देणार नाही. ट्रक, तंबू, कनाती आणि एवढ्या माणसांचं पोट सांभाळायचं तर जे मागितलं जातं तेच त्यांना द्यावं लागतं. म्हणूनच तिकीटबारीवर ज्यांचं पोट अवलंबून नाही, त्यांनी हे काम हाती घ्यायला हवं. विद्यापीठाचं पोट तिच्यावर नाही.

वगाची तुलना संगीत नाटकाशी करून बघा. किर्लोस्करांचं संगीत ‘शाकुंतल’ १८८० सालचं. त्याआधी पंधरा वर्षं, १८६५ साली सावळजकरांच्या फडाने ‘मोहना बटाव’ रंगवला आणि तो पहिला वग मानला जातो. गाण्यातून कथा पुढे नेणारं नाट्य म्हणून दोन्ही एकाच पंगतीतली. पण संगीत नाटकाला संहिता, स्वरलिपी, ध्वनिमुद्रिका, शताब्दी महोत्सव, सगळं लाभलं. वगाच्या वाट्याला ते आलं नाही. तमाशाचा फड महार-मांग-कोल्हाटी कलावंतांनी उभा केला आणि पोसला. त्याची कागदोपत्री कदर झाली नाही याचं कारण तेच आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण ते एका विद्यापीठाचं आहे. संगीतकार हँडेलचे ऑपेरे दीडशेहून अधिक वर्षं कुणी रंगमंचावर आणले नव्हते. १९२० साली जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवणाऱ्या ऑस्कर हागेन यांनी विद्यापीठातल्याच हौशी मंडळींना जमवून १७२५ सालचा ‘रोडेलिंडा’ उभा केला. हँडेलचे ऑपेरे पुन्हा रंगभूमीवर येऊ लागले ते तिथपासून, आणि गटिंगेनला आजही हँडेल महोत्सव भरतो. हागेननी मूळ कृतीत बरीच कापाकापी केली होती; तेवढं आपण टाळावं. पण त्यांच्या हाताशी हँडेलची स्वरलिपी होती. वगाचं तसं नाही. पदं बांधलेली, कथा ठरलेली, पण गद्य सोंगाड्या आणि सरदार उभ्या उभ्या जुळवत नेतात. कुठे हलगीने उचलायचं, कुठे ढोलकीने थांबायचं, मागे साथ करणाऱ्या सुरत्याने झील कुठवर ताणायची, हे कुठल्या वहीत नाही. ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांपाशी आहे. हँडेलसारखं दीडशे वर्षं इथे थांबता येणार नाही.

व्यवहाराचंही बोलतो. पावसाळ्यात फड बंद असतात, कलावंत हाताला काम शोधत फिरतात, आणि नेमकं तेव्हाच कॉलेजचं पहिलं सत्र सुरू होतं. त्या चार महिन्यांत जुने सोंगाडे, ढोलकीवाले, गाणाऱ्या बाया यांना अध्यापक म्हणून नेमा. शाल-श्रीफळ देऊन बोळवण नको. तासिकेचं मानधन द्या, हजेरीपटावर नाव लावा. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत, ते या तालमीला द्या. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, तिचा अनुभव मागा. संपूर्ण वग चित्रित करा, उतरवून काढा आणि त्याची प्रत जयकर ग्रंथालयात ठेवा. कलावंतांच्या नावांसह.

प्राचार्यांना वेगळं सांगायचं आहे. स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित लावणीवर मुली नाचतात, पालक पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. पण तीच मुलगी तमाशात काम करते म्हणाली तर घरात वादळ उठेल. मी शिक्षक होतो, अशी घरं मला माहीत आहेत. तुम्ही पालकांना बोलवा, कलावंत बायांना त्यांच्यासमोर खुर्ची द्या, आणि मग तालीम बघू द्या. आणि कृपा करून वग ‘स्वच्छ’ करायला जाऊ नका. गवळणीतली मावशी चावट आहे, सोंगाड्या राजालाही सोडत नाही; ते काढलं तर वगात उरणार काय?

प्रयोग आधी पुण्याच्या बंदिस्त नाट्यगृहात करून मग इकडे आणू नये. ज्यांनी जुना वग पाहिला आहे असे प्रेक्षक इथे अजून आहेत. चुकलेली झील ते जागच्या जागी पकडतील, आणि विद्यार्थ्यांना त्यांच्याइतका चांगला परीक्षक मिळणार नाही.

येत्या जूनच्या आधी वग निवडा, कलावंतांना पत्रं पाठवा आणि नारायणगावातली प्रयोगाची तारीख जाहीर करा. तालमीला जागा, जेवणखाण आणि गावची माणसं जमवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक निवृत्त मराठी शिक्षक