लाल दिव्याची उघडझाप

१९९० सालची गोष्ट. आमचे चिरंजीव तेव्हा आठवीत होते. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या वाड्यात कोणाच्या तरी मामांनी अमेरिकेहून एक करडी पेटी आणली होती. ती टीव्हीला जोडली की पडद्यावर एक मिशाळ गडी उड्या मारीत धावे, आणि वाड्यातली यच्चयावत पोरे त्या उंबऱ्यापाशी गोळा होत. "बाबा, आपणही तसली पेटी घ्यायची का?" असे चिरंजीवांनी एकदाच विचारले. "दहावी होऊ दे, मग पाहू," असे आम्ही म्हणालो. दहावी झाली, चांगल्या गुणांनी झाली. त्यांनी पुन्हा विचारले नाही, आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, सोयीस्करपणे विसरलो.

यंदा मे महिन्यात हेच चिरंजीव, आता कानशिलांवर पांढरे केस घेऊन, काखेत एक खोके मारून घरी आले. परदेशातून कायमचे परतलेल्या एका कुटुंबाने जुने सामान विकायला काढले होते, त्यात ती पेटी मिळाली. तीच, निंटेंडो कंपनीने १९८५ साली अमेरिकेत आणलेली. "नातवासाठी हो, बाबा," असे ते म्हणाले. नातू शेजारी उभा राहून मोबाइलमध्ये डोके घालून होता. आम्ही काही बोललो नाही.

पेटीबरोबर तिचा मूळ अडॅप्टर होता. चिरंजीव त्याला आपल्याकडची पिन लावून भिंतीतल्या प्लगात खुपसणार, इतक्यात आम्ही हिंचक्यावरून ओरडलो. अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पिन बदलली म्हणून वीज बदलत नाही. तो अडॅप्टर तिथल्या तिथे जळाला असता. या पेटीला ९ व्होल्ट लागतात. तिच्या पोटात प्रवाह एकदिश करणारी योजना असल्याने आपल्या बाजारातला ९ व्होल्टचा साधा डीसी अडॅप्टरही तिला चालतो, मात्र तो दीड अँपिअरचा घ्यावा. तिची थोरली जपानी बहीण, १९८३ सालची फॅमिकॉम, हिचे उलट आहे. तिला डीसीच लागतो, तोही योग्य ध्रुवांचा. एसी दिला तर ती प्राणास मुकते. तेव्हा जुनी पेटी घेणाऱ्याने आधी तिच्या पाठीवरची चिठ्ठी वाचावी.

नवा अडॅप्टर आला. बटण दाबले. लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. सेकंदासेकंदाला अशी उघडझाप, आणि पडद्यावर नुसताच रंग लुकलुके. चिरंजीवांनी कॅसेट बाहेर काढून तिच्या तोंडात फुंकर मारली, आत घातली, पुन्हा काढली, पुन्हा फुंकली. पस्तीस वर्षांपूर्वी शेजारच्या वाड्यात त्यांनी नेमके हेच पाहिलेले असणार. शेवटी "मेलेली दिसते," एवढेच बोलून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आमची नोकरी विजेच्या मीटरांत गेली. मेलेल्या यंत्राचा दिवा लागत नाही, हे आम्हांला ठाऊक होते. दिवा मुळीच लागला नसता तर आम्ही आधी प्लग, मग अडॅप्टर, मग बटण आणि सरतेशेवटी आतला ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर मल्टिमीटरने तपासला असता. लुकलुकणाऱ्या दिव्याची कथा निराळी. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत असल्या खेळांची बाजारपेठ भाराभर कॅसेटींनी बसली होती. तो अनुभव गाठीशी असल्याने कंपनीने या पेटीत एक पहारेकरी चिप बसविली आणि तिची जोडीदार प्रत्येक कॅसेटमध्ये. दोघींचा सतत खुणेचा संवाद चालतो. तो तुटला की पहारेकरीण पेटीला पुन्हापुन्हा आरंभापासून उठविते, आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे पेटी शाबूत असते. तिला समोरच्याचे बोलणे ऐकू येत नसते, इतकेच. (ही चिप १९९३ च्या नव्या घडणीत काढूनच टाकली.)

ऐकू न येण्याचे कारण बहुधा एकच. कॅसेट जिथे जाऊन बसते त्या सांध्यात ७२ पिना आहेत. कॅसेट आत सरकवून खाली दाबायची, अशा रचनेमुळे त्या वर्षानुवर्षे वाकतात, ढिल्या पडतात, काळ्या होतात. फुंकरीने भागल्यासारखे वाटते ते कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे. फुंकरीतली वाफ मात्र धातू खाते, आणि असे फुंकू नका, हे कंपनीनेही बजावलेले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अडॅप्टर काढून ठेवून, आम्ही तळाचे सहा स्क्रू काढले. चिरंजीव आपणहून शेजारी येऊन बसले आणि लांब-आखूड स्क्रू निरनिराळ्या वाट्यांत मांडू लागले. आतला पत्रा निघाला, कॅसेटचे तबक निघाले, आणि तो सांधा मागच्या बाजूने ओढताच पट्टीवरून सुटून हातात आला. हा सांधा पाण्यात उकळण्याची हौशी मंडळींची रीत आहे. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. "अहो, ती चहाची तपेली आहे!" असा आवाज आला, तोवर पाणी खळखळत होते. दहा-पंधरा मिनिटे उकळून तो झटकला आणि दोन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळविला. ओलसर लावला तर केलेले सगळे फुकट. तोवर चिरंजीवांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापसाची काडी बुडवून कॅसेटच्या पट्ट्या पुसल्या. पहिल्या सहा काड्या काजळासारख्या काळ्या निघाल्या. तपेली नवी आणून द्यावी लागली, हे जाता जाता नमूद करतो.

रविवारी सायंकाळी पेटी जोडली. पिवळी तार चित्राची, लाल आवाजाची. सांधा आता कॅसेटला घट्ट धरीत होता. बटण दाबले. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. ते ओळखीचे संगीत सुरू झाले, तेव्हा चिरंजीव जमिनीवर मांडी घालून, टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. एरवी आम्ही मागे सरकायला सांगितले असते.

तासाभराने नातवानेही मोबाइल खाली ठेवला. त्याला बदके मारण्याचा खेळ हवा होता, खोक्यात बंदूकही होती. त्याने नेम धरधरून गोळ्या झाडल्या. एकही बदक पडेना. पुन्हा बिघाड, म्हणून चिरंजीव स्क्रूड्रायव्हर आणायला उठले. त्यांना खाली बसविले. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीचा डोळा तो उजेड तत्क्षणी शोधतो. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, तोवर बंदुकीने नेम चुकल्याचे ठरविलेले असते. तिला जुना, पिक्चर ट्यूबचाच टीव्ही लागतो.

आमच्याकडे तसा एक होता. जागा अडते म्हणून गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला दिला. द्या म्हणून आम्हीच सांगितले होते. सध्या चिरंजीव आणि आम्ही सायंकाळी फिरायला निघतो ते जुन्या टीव्हीच्या शोधात.