प्रेमिकांचे पलायन आणि भुकेचा प्रश्न

स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्ट्रम यांचा १९१८ सालचा मूकपट 'द आउटलॉ अँड हिज वाइफ' या इंग्रजी नावाने परिचित आहे. आइसलँडचे नाटककार योहान सिगुर्योन्सन यांच्या १९११ सालच्या नाटकावर तो आधारलेला असून, अठराव्या शतकातील एय्विंद आणि हाल्ला या परागंदा जोडप्याची कथा त्याच्या मुळाशी आहे. या चित्रपटाची चर्चा बहुधा निसर्गचित्रणापाशी थांबते. महायुद्धामुळे आइसलँड गाठता न आल्याने चित्रीकरण लॅपलँडच्या डोंगरांत झाले आणि यूलियुस येन्सोन यांच्या छायालेखनाने तेथील कडेकपारींना पात्रांचे मोल दिले, हे खरेच. मात्र या गौरवात कथेचे मूळ आशयसूत्र झाकले जाते. ते सूत्र भुकेचे आहे.

एय्विंद गुन्हेगार ठरतो तो उपाशी कुटुंबासाठी मेंढी चोरल्यामुळे. नाव बदलून तो हाल्ला या सधन विधवेकडे चाकरीस राहतो. तिच्याशी विवाह करू पाहणारा, अंमलदार असलेला तिचा दीर त्याची ओळख उघडी पाडतो, तेव्हा हाल्ला भरले घर सोडून त्याच्यासह डोंगरात जाते. पाठलाग करणारे येऊन ठेपताच ती स्वतःचे मूल कड्यावरून लोटून देते. अखेरीस वार्धक्य, बर्फाने वेढलेली झोपडी आणि रिकामे पोट उरते. कायद्याला जे साधले नाही ते भूक साधते: दोघे एकमेकांवर उलटतात.

म्हणूनच 'समाजाविरुद्ध प्रेम' हे या कथेचे सरधोपट वर्णन अपुरे ठरते. नलदमयंतीच्या आख्यानातही वनवासातील पहिला आघात भुकेचाच असतो. अन्नासाठी पक्षी पकडू पाहणारा नल अंगावरचे वस्त्र गमावतो. नाटकात उपासमार संवादांतून सांगता येते. मूकपटाला ती मुख्यतः चेहऱ्यांवर आणि देहांवर दाखवावी लागते. या माध्यमांतराचे खरे सामर्थ्य येथे आहे.

हाल्ला वादळात निघून जाते. एय्विंद तिला शोधतो आणि तिच्या गोठलेल्या देहाला कवटाळून प्राण सोडतो. यात प्रेमाचा विजय पाहणे शक्य आहे, आणि ते चूकही नाही. परंतु एका मेंढीसाठी माणसाला हद्दपार करणाऱ्या व्यवस्थेचा विसर पाडून तो विजय साजरा करणे, हे समीक्षेचे कर्तव्य नव्हे.